इमेजजे-फिजीचे मॅक्रो कमांड लाइनवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोस्कोपवर काढलेल्या प्रतिमा इमेजजे किंवा फिजी या प्रोग्रामांनी मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना मी मॅक्रो, म्हणजे त्या प्रोग्रामांसाठीच्या आज्ञांची यादी, लिहायला मदत करतो. दर सहा महिन्यांनी नवे चेहरे येतात आणि प्रश्न तेच घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. खाली आज्ञा आणि फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळायचा.

मॅक्रो विंडोत छान चालतोय. मग टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टंकायच्या कमांड लाइनच्या, भानगडीत पडायचं कशाला?

वीस प्रतिमा असतील तर पडू नका, खरंच. मेनूतल्या ‘प्रोसेस’मध्ये ‘बॅच’ आहे, तेवढ्यानं काम भागतं.

पण दोन हजार प्रतिमा असतील, किंवा रात्री मायक्रोस्कोप रिकामा झाल्यावर कामं आपोआप सुरू व्हायला हवी असतील, किंवा संस्थेच्या सर्व्हरवर काम टाकायचं असेल, तर दुसरा मार्ग नाही. सर्व्हरला बहुधा पडदाच नसतो. आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं: टंकलेली आज्ञा जशीच्या तशी वहीत उतरवता येते. ‘मग मी इथे क्लिक केलं, मग तिथे’ हे उतरवता येत नाही, आणि सहा महिन्यांनी आठवतही नाही.

इमेजजे घ्यायचं की फिजी?

कमांड लाइनसाठी फिजी.

इमेजजे हा वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९७ पासून जावात लिहिलेला प्रोग्राम. त्याआधी त्यांनीच मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहिला होता. फिजी म्हणजे तोच इमेजजे, शेकडो प्लगइन (जोड-प्रोग्राम) आणि अपडेटरसह बांधून दिलेला. नावाचा विस्तारच ‘फिजी इज जस्ट इमेजजे’ असा आहे. गाभा एकच असल्यानं मॅक्रोची भाषा दोन्हीकडे तीच आणि फाइलचं शेपूट ‘.आयजेएम’ हेही तेच. फरक पडतो तो पडदा नसलेल्या यंत्रावर. मूळ इमेजजे सुरू होतानाच विंडो बनवायला जातो आणि पडदा नसेल तर कोसळतो. फिजी सुरू होताना इमेजजेच्या त्या भागांना ठिगळं लावून घेतं, म्हणून ते पडद्याविना तग धरतं. सगळीकडे नाही, पण त्याबद्दल पुढे.

नेमकी आज्ञा काय टंकायची?

फिजीच्या फोल्डरात लाँचर, म्हणजे फिजी सुरू करणारी फाइल, असतो. जुन्या बांधणीत लिनक्सवर ‘इमेजजे-लिनक्स६४’, विंडोजवर ‘इमेजजे-विन६४.एक्सई’, आणि मॅकवर अ‍ॅपच्या आत ‘कंटेंट्स’मधल्या ‘मॅकओएस’ फोल्डरात. नव्या बांधणीत ही नावं ‘फिजी’नं सुरू होतात. फोल्डर उघडून एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

मग एका ओळीत, क्रमानं: लाँचर, दोन आडव्या रेघा देऊन ‘हेडलेस’, दोन आडव्या रेघा देऊन ‘कन्सोल’, एक आडवी रेघ देऊन ‘मॅक्रो’, मॅक्रोचा पूर्ण पाथ (फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता), आणि शेवटी अवतरणचिन्हांत तुम्हाला मॅक्रोला जे सांगायचं ते.

म्हणजे साधारण असं दिसेल:

./इमेजजे-लिनक्स६४ --हेडलेस --कन्सोल -मॅक्रो /होम/आशा/मोजणी.आयजेएम '/होम/आशा/प्रतिमा/'

‘मॅक्रो’च्या आधी एकच रेघ आणि ‘हेडलेस’च्या आधी दोन, ही विसंगती आहे आणि ती तशीच आहे. एक रेघेचे पर्याय मूळ इमेजजेच्या काळातले, दोन रेघांचे फिजीच्या लाँचरचे. मॅक्रोचा पाथ पूर्ण द्या. अर्धवट दिलात तर इमेजजे आपल्या ‘मॅक्रोज’ फोल्डरात शोधायला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये उभे आहात तिथे नाही.

साधा इमेजजेच वापरायचा असेल तर: जावा -जार आयजे.जार -बॅच, मग मॅक्रोचा पाथ, मग मजकूर.

‘-बॅच’, ‘सेटबॅचमोड’ आणि ‘हेडलेस’ हे एकच ना?

नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या या तिघांच्या घोळातून निघतात.

‘सेटबॅचमोड(ट्रू)’ ही मॅक्रोच्या आत लिहायची ओळ. तिचा अर्थ: प्रतिमा उघड, पण पडद्यावर काढू नकोस. काम बरंच वेगानं होतं. विंडोत चालवतानाही ती लिहावी.

‘-बॅच’ हा इमेजजेचा कमांड लाइनवरचा पर्याय. मुख्य विंडो दाखवत नाही आणि मॅक्रो संपला की इमेजजे स्वतःहून बंद होतो. पण पडदा दाखवत नाही म्हणजे पडदा लागत नाही असं नव्हे. पडद्याविना यंत्रावर तो ‘हेडलेस एक्सेप्शन’ ही चूक ओकतो.

‘--हेडलेस’ हा फिजीचा. जावालाच सांगितलं जातं की इथे पडदा, माउस, कीबोर्ड काही नाही.

फोल्डरचं नाव मॅक्रोला कसं कळवायचं? दर वेळी मॅक्रो उघडून बदलायचं का?

मॅक्रोच्या पहिल्या ओळीत ‘गेटआर्ग्युमेंट()’ वापरा. आज्ञेच्या शेवटी दिलेला मजकूर ते जसाच्या तसा परत देतं. मात्र मजकूर एकच मिळतो. फोल्डर, थ्रेशोल्डची पद्धत (किती उजळ पिक्सेल पेशी मानायचे ते ठरवणारी) आणि किमान आकार असं तीन काही पाठवायचं असेल तर स्वल्पविराम घालून एकत्र बांधा आणि आत ‘स्प्लिट’नं सोडवा. पाथमध्येच स्वल्पविराम असेल तर दुसरं चिन्ह घ्या.

दुसरी रीत जास्त नीटनेटकी आहे. मॅक्रोच्या डोक्यावर ‘#@’ चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी लिहायच्या: ‘#@ फाइल’, ‘#@ स्ट्रिंग’, ‘#@ इंटिजर’ आणि पुढे चलाचं नाव. विंडोत चालवलं की फिजी यांच्यावरून स्वतः डायलॉग बनवून विचारतं. कमांड लाइनवर ‘--आयजे२ --हेडलेस --रन’ वापरलं की ‘नाव=किंमत’ अशा जोड्यांतून किमती घेतं. एकच मॅक्रो दोन्हीकडे चालतो, हा मोठा फायदा. अडतं ते अवतरणचिन्हांवर: लिनक्स-मॅकवर बाहेर एकेरी, आत दुहेरी. विंडोजवर बरोबर उलटं, बाहेर दुहेरी आणि आत एकेरी.

‘गेटडिरेक्टरी’, ‘वेटफॉरयूजर’ आणि ‘डायलॉग’ची सगळी फंक्शनं मॅक्रोतून काढून टाका. उत्तर द्यायला समोर कोणी बसलेलं नाही.

विंडोजवर ‘फाइल सापडली नाही’ म्हणतं. फाइल तर समोर दिसतेय!

पाथमध्ये बॅकस्लॅश आहे का बघा. मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरात बॅकस्लॅशनंतर ‘एन’ आलं की त्याची नवी ओळ होते आणि ‘टी’ आलं की टॅब. म्हणजे ‘निकाल’ फोल्डर रोमनमध्ये ‘एन’नं सुरू होत असेल तर पाथ मधेच तुटला. सगळीकडे साधा स्लॅश वापरा, विंडोजवर जावाला तो चालतो.

दुसरा संशयित म्हणजे स्पेस. ‘रन’ आज्ञेत पर्याय स्पेसनं वेगळे होतात, त्यामुळे ‘माझ्या प्रतिमा’ असा पाथ दिला तर त्याला ‘माझ्या’ एवढंच ऐकू येतं. किमतीभोवती चौकोनी कंस घाला.

तिसरा: फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश राहून गेला, आणि फोल्डरचं व फाइलचं नाव एकमेकांना चिकटलं.

आणि ‘एंड्सविथ’नं ‘.टिफ’ शोधताना मायक्रोस्कोपच्या संगणकानं शेपूट मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर एकही फाइल जुळणार नाही. मॅक्रो तक्रार न करता शून्य प्रतिमा मोजून मोकळा होईल. आधी ‘टूलोअरकेस’ लावा.

फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलंय. चालेल का?

विंडोत उघडलं तर चालतं, त्यामुळे लोक गाफील राहतात. गडबड कमांड लाइनवर होते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमधून देवनागरी मजकूर पाठवला की कधी कधी पलीकडे प्रश्नचिन्हांची माळ पोचते. लिनक्सवर तुमच्या टर्मिनलमधून चालेल, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) किंवा सर्व्हरच्या रांगेतून चालणार नाही, कारण तिथे भाषा आणि अक्षरं कुठली ते सांगणारं ‘लँग’ हे चल रिकामं असतं आणि जुनं जावा साध्या रोमन अक्षरांपलीकडची फाइलनावं वाचू शकत नाही. आज्ञेआधी ‘लँग’ला यूटीएफ-८ ची किंमत द्या.

मी स्वतः काय करतो? मूळ फोल्डराला ‘कांद्याची मुळं, दुसरी खेप’ असं हवं ते नाव ठेवतो, आणि मोजायला घेताना ‘एस०२’सारख्या रोमन नावाच्या फोल्डरात प्रत काढतो. मराठीवरचं प्रेम कमी झालेलं नाही, रात्री अडीचला फोन नको असतो.

माझ्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर आकडे वेगळे येतात. मॅक्रो तोच, प्रतिमा त्याच. हे कसं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. चूक दिसली तर माणूस दुरुस्त करतो. इथे सीएसव्ही (निकालाच्या तक्त्याची फाइल) छान भरलेली येते.

एकदा एका विद्यार्थिनीनं सर्व्हरवरून आलेला तक्ता दाखवला. पेशींनी व्यापलेलं क्षेत्रफळ मोजायचं होतं. पहिल्या प्रतिमेचं क्षेत्रफळ १०४८५७६. दुसरीचं १०४८५७६. तिसरीचंही तेवढंच. तिला वाटलं थ्रेशोल्ड बिघडला. थ्रेशोल्ड ठीक होता. १०२४ गुणिले १०२४ केलं की बरोबर १०४८५७६ येतात. म्हणजे इमेजजे पेशी नाही, प्रत्येक वेळी अख्खी प्रतिमा मोजत होता.

कारण असं. ‘सेट मेजरमेंट्स’च्या डायलॉगमध्ये ‘लिमिट टू थ्रेशोल्ड’ नावाचा एक चौकोन आहे. तिनं तो कधीतरी टिक केला होता आणि विसरून गेली होती. इमेजजे असल्या निवडी ‘आयजे_प्रेफ्स.टीएक्सटी’ या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी गुपचूप लागू करतो. ती फाइल होती तिच्या लॅपटॉपवर. सर्व्हर कोरा होता. मॅक्रोत ‘मेजर’ लिहिलेलं होतं, काय मोजायचं ते कुठेच नव्हतं.

कमांड लाइनवर मॅक्रो एकटा जातो. तुमच्या हाताच्या सवयी, आधी टिक केलेले चौकोन, समोर उघडी असलेली प्रतिमा, यातलं काही त्याच्याबरोबर जात नाही. म्हणून या गोष्टी मॅक्रोच्या सुरुवातीलाच उघड लिहा:

‘सेट मेजरमेंट्स’ सगळ्या पर्यायांसह. रेकॉर्डर (तुमच्या क्लिकची मॅक्रोतली ओळ लिहून देणारी सोय) चालू करून डायलॉग एकदा उघडून ओके म्हणा, ओळ तयार मिळते. त्यात ‘डिस्प्ले’ हा शब्द दिसेल. इथे त्याचा अर्थ निकालात प्रतिमेचं नाव लिही. ‘अ‍ॅनलाइझ पार्टिकल्स’ या ठिपके मोजणाऱ्या आज्ञेतल्या ‘डिस्प्ले’चा अर्थ निकाल तक्त्यात दाखव. एकच शब्द, दोन कामं. एकाच्या जागी दुसरा आहे असं समजून फाइलनावं नसलेला तक्ता घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत.

‘सेटऑप्शन’नं ‘ब्लॅकबॅकग्राउंड’. मास्कमध्ये, म्हणजे पेशी वेगळ्या दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत, काळं म्हणजे पेशी की पार्श्वभूमी, हे यावर ठरतं. एका यंत्रावर बनवलेला मास्क दुसऱ्यावर नेऊन ‘इरोड’ केला आणि तिथे हे उलटं असेल, तर पेशी आक्रसण्याऐवजी फुगतात.

थ्रेशोल्डची पद्धत नावानिशी, उदाहरणार्थ ‘ओत्सु डार्क’. ओत्सुंनी ती १९७९ मध्ये मांडली. ‘डार्क’ हा शब्द पार्श्वभूमी काळी आहे असं सांगतो, आणि तो गाळला तर उलटी बाजू निवडली जाते.

आणि मोजपट्टी. ‘अ‍ॅनलाइझ पार्टिकल्स’ला आकार ५० पासून पुढे असं सांगितलं, तर ते ५० कसले? प्रतिमेत मायक्रॉनची मोजपट्टी असेल तर चौरस मायक्रॉन, नसेल तर पिक्सेल. एखाद्या प्रतिमेची मोजपट्टी वाटेत हरवली असेल, आणि प्रतिमा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून नेऊन आणताना ती हमखास हरवते, तर त्या एकाच प्रतिमेला वेगळा नियम लागतो. पिक्सेलच हवे असतील तर पर्यायांत ‘पिक्सेल’ असं लिहा.

रेकॉर्डरनं लिहिलेल्या ‘सिलेक्टविंडो’च्या ओळीही बघा. त्यांत तुम्ही रेकॉर्ड करताना उघडलेल्या प्रतिमेचं नाव गोठलेलं असतं. त्याऐवजी ‘गेटइमेजआयडी’ वापरा.

आरओआय मॅनेजर आला की मॅक्रो मरतो.

आरओआय मॅनेजर प्रतिमेतल्या निवडलेल्या भागांची यादी ठेवतो, पण तो मुळात विंडो आहे. विंडो नसलेल्या जगात त्याला जागा नाही, म्हणून हेडलेसमध्ये बहुतेक वेळा एक्सेप्शन येतं. दोन वाटा आहेत. जमलं तर त्याच्याविना करा: निवडलेले भाग ‘ओव्हरले’ या प्रतिमेवरच्या थरामध्ये टाका, टिफ जतन केली की ते त्या फाइलमध्येच राहतात. नाही जमलं तर खोटा पडदा लावा. लिनक्सवर ‘एक्सव्हीएफबी’ नावाचा प्रोग्राम मेमरीतच एक पडदा उभा करतो. आज्ञेआधी ‘एक्सव्हीएफबी-रन -ए’ लिहायचं आणि ‘--हेडलेस’ काढून टाकायचं. दोन्ही एकत्र ठेवलं तर खोट्या पडद्याचा उपयोग काय? ‘-ए’ मोकळा क्रमांक शोधून देतं, एका वेळी अनेक कामं चालवताना ते लागतंच.

सर्व्हरवर एक्सव्हीएफबी नसेल तर तिथल्या अ‍ॅडमिनला गोड बोलून बसवून घ्या.

काम संपलं, सीएसव्हीही आली, पण प्रॉम्प्ट परत येत नाही.

जावाचा एखादा धागा (आत समांतर चालणारं काम) मागे रेंगाळलेला असतो. मॅक्रोच्या शेवटी ‘रन("क्विट")’ लिहा. तरीही न बधल्यास ‘इव्हॅल’मधून जावास्क्रिप्टची ‘सिस्टिम.एक्झिट(०)’ ही ओळ चालवा. ती दयामाया दाखवत नाही, त्यामुळे सगळं जतन झाल्यावरच.

मॅक्रो मधेच फुटला तरी माझी शेल स्क्रिप्ट ‘सगळं ठीक’ म्हणते.

मॅक्रोतली चूक लाँचरच्या एक्झिट कोडपर्यंत (संपताना तो देतो तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) पोचेलच असं नाही. त्या शून्यावर विसंबू नका. मॅक्रोच्या अगदी शेवटी ‘प्रिंट’नं एक ठरावीक शब्द छापा, मी ‘संपलं’ला रोमनमध्ये लिहितो, आणि लॉगमध्ये तो सापडला तरच काम झालं असं धरा. शिवाय आत आलेल्या फाइली आणि बाहेर पडलेल्या ओळी मोजून पडताळा. खराब प्रतिमा एकच असते, पण तिच्यापाशी अडून तिच्यानंतरच्या सगळ्या राहून जातात.

विंडोजवर काहीच छापलं जात नाही.

‘--कन्सोल’ राहिलं असेल. आणि प्रॉम्प्ट लगेच परत आला तर काम संपलं असं समजू नका, ते मागे चालू असतं. थांबायला हवं असेल तर आज्ञेआधी ‘स्टार्ट /वेट’.

मेमरी किती द्यावी?

हिशेब करा. २०४८ गुणिले २०४८ ची १६ बिटांची एक प्रतिमा ८ एमबी. तीन रंग आणि १०० थर म्हणजे ३०० प्रतिमा, २४०० एमबी. मधे कुठे ३२ बिटांत बदललीत तर ४८००, आणि मूळ प्रत उघडीच ठेवली असेल तर ७२००. लाँचरला ‘--मेम=८०००एम’ असं सांगता येतं. साध्या इमेजजेला ‘-एक्सएमएक्स’. पण आधी मॅक्रोच्या फेऱ्यात दर प्रतिमेनंतर ‘क्लोज("*")’ आहे ना ते पाहा. बॅच मोडमध्ये उघड्या राहिलेल्या प्रतिमा दिसत नाहीत, साठत मात्र जातात.

एकाच वेळी चार-आठ कामं चालवता येतील?

हो. प्रतिमांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र फिजी. निकालांच्या फाइलींना वेगवेगळी नावं द्या, नाहीतर आठही जण एकाच सीएसव्हीवर लिहितील आणि शेवटचा जिंकेल. मेमरी आठपट लागेल हे लक्षात असू द्या. लॅपटॉपवर दुसरी आज्ञा दिली आणि प्रतिमा आधीच उघड्या असलेल्या इमेजजेत उघडल्या तर दचकू नका: एकच प्रत चालवण्याची सोय चालू आहे. साध्या इमेजजेत ‘-पोर्ट०’नं ती बंद होते.

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची ‘परम’ यंत्रं, जसं पुण्यात आयसरमधलं परम ब्रह्म, अशांवर काम स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या रांगेत टाकतात. तिथे ‘अ‍ॅरे’ पर्याय वापरा. प्रत्येक कामाला मिळणारा क्रमांक मॅक्रोला पाठवला की गट आपोआप ठरतो. काम चालतं त्या नोडला (यंत्रातल्या त्या संगणकाला) सहसा इंटरनेट नसतं, त्यामुळे ‘ब्लॉब्स’ या नमुन्याच्या प्रतिमेवर चाचणी करू नका, ती संकेतस्थळावरून उतरवली जाते. अपडेटरही आधीच चालवून ठेवा.

सीझेडआय, एलआयएफ, एनडी२ या मायक्रोस्कोप कंपन्यांच्या फाइली उघडतील?

बायो-फॉरमॅट्स या प्लगइनमुळे, हो, आणि ते फिजीत आलेलंच असतं. त्याचा इम्पोर्टर सगळे पर्याय देऊन बोलवा, एकही राहिला तर तो डायलॉग उघडू पाहतो. एका एलआयएफमध्ये तीस प्रतिमा असतील तर बायो-फॉरमॅट्सची मॅक्रो एक्स्टेन्शन्स वापरून आधी संख्या विचारा, मग एकेक उघडा.

हे सगळं पायथनमध्येच केलं तर?

करा की. पायथनमधून इमेजजे चालवणारं पायइमेजजे आहे, फिजीतच जायथन आणि ग्रूव्ही या भाषाही चालतात. मॅक्रोची भाषा तशी तुटपुंजी आहे. पण रेकॉर्डर क्लिकची ओळ बनवून देतो, आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुपारभरात उभं राहता येतं ते त्याच्यामुळे. मॅक्रो तीनशे ओळींपलीकडे गेला की मी स्वतः भाषा बदलतो.

वर्षभरानं परीक्षकानं पुन्हा मोजायला सांगितलं तर तेच आकडे येतील का?

फिजी इन्स्टॉल करावं लागत नाही, ते एक फोल्डर आहे. काम सुरू केलं त्या दिवशी तो अख्खा फोल्डर झिप करून मॅक्रोच्या शेजारी ठेवा आणि त्या प्रतीत अपडेटला ‘नाही’ म्हणा. मॅक्रोच्या पहिल्या ओळीत ‘प्रिंट(गेटव्हर्जन())’ लिहा, म्हणजे आवृत्ती लॉगमध्ये येते. शोधनिबंधात तीच लिहायची. एका मुलानं तीन वर्षांपूर्वीची अशी झिप मागच्या पावसाळ्यात उघडली, आज्ञा वहीतून बघून टंकली, आणि चहा पिऊन येईपर्यंत जुन्या तक्त्याशी ओळ न् ओळ जुळणारा तक्ता तयार होता.